चरबीची गाठ, पण नेमकी कोणती? दुर्मिळ प्रकारांचं निदान पायरीपायरीनं

मऊ, न दुखणारी, बोटाखाली सरकणारी गाठ दाखवली की बहुतेक दवाखान्यांत एकच उत्तर मिळतं: चरबीची गाठ आहे, सोडून द्या. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. लायपोमा, म्हणजे पिकलेल्या चरबीपेशींची साधी गाठ, ही शरीराच्या मऊ भागांत सगळ्यांत जास्त सापडणारी गाठ आहे. चाळिशी ते साठीच्या दरम्यान ती पाठीवर, खांद्यावर, दंडावर येते आणि वर्षानुवर्षं तशीच राहते.

अडचण होते ती या साच्यात न बसणाऱ्या गाठींची. जन्मापासून कुल्ल्यावर असलेला पिवळसर पुटकुळ्यांचा पट्टा, मानेमागची एकच घट्ट गाठ, हातावरच्या दाबल्यावर दुखणाऱ्या छोट्या गाठी, तान्ह्या बाळाच्या कंबरेवरचा मऊ फुगवटा. या सगळ्या चरबीच्याच. कॅन्सर यांतली एकही नाही. तरी प्रत्येकीचं नाव, तपासणी आणि पुढची वाट वेगळी आहे, आणि एखाद्या ठिकाणी चुकून चाकू लावला तर कायमचं नुकसान होऊ शकतं.

निदान तीन गोष्टी जुळल्यावर पक्कं होतं: गाठ कुठे आणि किती खोल आहे, ती कशी वागते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसतं. यांतल्या एकीवरच विसंबून दिलेलं नाव फसवतं. बायोप्सीचा रिपोर्टही याला अपवाद नाही.

पायरी १: पाहा, चाचपा, लिहून ठेवा

लागणारं साहित्य म्हणजे प्लास्टिकची पट्टी आणि मोबाइल. गाठीची लांबी आणि रुंदी सेंटिमीटरमध्ये मोजा. "लिंबाएवढी" चालत नाही, कारण लिंबं सगळ्या आकारांची असतात. पट्टी गाठीशेजारी ठेवून फोटो काढा, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद करून. एक फोटो लांबून, म्हणजे शरीराचा कोणता भाग आहे ते कळेल, आणि एक जवळून. तीन महिन्यांनी पुन्हा तसेच फोटो काढा. गाठ वाढते आहे का, या प्रश्नाला आठवणीतून दिलेलं उत्तर जवळजवळ नेहमीच चुकीचं निघतं.

मग चाचपणी. गाठीच्या कडेवर बोटाच्या टोकानं हलकं दाबा. लायपोमाची कड बोटाखालून निसटते. वरची त्वचा चिमटीत धरा: ती गाठीवरून मोकळी उचलली जाते की गाठीला चिकटलेली आहे? चिकटलेली असेल आणि मधोमध काळा बारीक ठिपका दिसत असेल, तर ती बहुधा चरबीची नसून एपिडर्मॉइड सिस्ट आहे. तिच्यात चरबी नसते, त्वचेच्याच वरच्या थराचा पांढरट, वासाचा साका साचलेला असतो.

यानंतर स्नायू आवळून पाहा. मांडीवरच्या गाठीसाठी गुडघा सरळ ठेवून पाय उचला, मानेमागच्या गाठीसाठी डोकं मागे रेटा आणि हातानं अडवा. स्नायू ताठ झाल्यावरही गाठ तेवढीच सरकत असेल तर ती स्नायूच्या वर आहे. दिसेनाशी किंवा घट्ट झाली तर ती स्नायूत किंवा त्याखाली आहे, आणि मग तिला "त्वचेची गाठ" म्हणून वागवायचं नाही. कपाळ इथे खास फसवं. तिथली साधी लायपोमा अनेकदा कपाळाच्या स्नायूखाली असते, म्हणून हाताला हाडासारखी घट्ट लागते.

पोटाच्या मधल्या रेषेत, छाती आणि बेंबी यांच्या मध्ये गाठ असेल तर खोकून पाहा. खोकल्याबरोबर ती पुढे येत असेल तर तो हर्निया असू शकतो. त्यातही चरबीच बाहेर आलेली असते, म्हणून हाताला अगदी लायपोमासारखा लागतो. गाठीवर टिचकी मारल्यावर मुंग्या धावत असतील तर गाठ नसेशी संबंधित असू शकते, हेही लिहून ठेवा.

सोबत द्यायची माहिती: गाठ कधीपासून, एक की अनेक, दुखते का आणि कशानं, घरात कुणाला अशा गाठी आहेत का, दारू किती वर्षं आणि किती, इन्सुलिन घेता का आणि कुठे टोचता, एचआयव्हीवरची औषधं चालू आहेत का. या यादीतला एकही प्रश्न शोभेचा नाही, ते पुढे दिसेल.

या काळात करू नये ते: बिब्बा, चुना, ॲसिड लावणं, दाबून पिळणं, दोरा किंवा घोड्याचा केस बांधणं. देठ असलेल्या मऊ पुटकुळीला चामखीळ समजून केस बांधायची पद्धत आपल्याकडे अजून आहे. रक्तपुरवठा तुटून पुटकुळी काळी पडते, पिकते, गळते. मुख्य नुकसान त्यानंतरचं: मेलेल्या तुकड्यात तपासण्यासारखं फारसं उरत नाही, आणि उरलेला भाग व्रणात दडतो.

थांबू नका अशा गोष्टी

गाठ ५ सेंटिमीटरपेक्षा मोठी आहे, वाढते आहे, स्नायूच्या आवरणाखाली आहे, किंवा एकदा काढून पुन्हा आली आहे. यांतलं काहीही एक असेल तर आधी इमेजिंग (सोनोग्राफी किंवा एमआरआय), मग सुई, आणि चाकू सगळ्यांत शेवटी. ओपीडीत भूल देऊन "चला, काढून टाकू" असं काढलेली खोल गाठ नंतर सार्कोमा, म्हणजे मऊ भागांचा कॅन्सर, निघाली, तर दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा बरंच मोठं करावं लागतं, कारण पहिल्या वेळी हात लागलेला सगळा भाग पुन्हा काढायचा असतो. अशा गाठी मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या, सार्कोमाचा अनुभव असलेल्या केंद्रात हात लावण्याआधी दाखवाव्यात.

पायरी २: जागा आणि वय जुळवा

निदानाचं निम्मं काम इथेच होतं.

कुल्ला, कंबर, मांडीचा वरचा भाग. जन्मापासून किंवा विशीच्या आत. मऊ, त्वचेच्या रंगाच्या किंवा पिवळसर पुटकुळ्या, घोळक्यानं, पट्ट्यासारख्या. हा नीव्हस लायपोमॅटोसस सुपरफिशियालिस (नीव्हस म्हणजे जन्मखुणेसारखा त्वचेचा भाग). १९२१ साली हॉफमान आणि त्सुरहेले यांनी त्याचं वर्णन केलं, म्हणून जुन्या रिपोर्टांत त्यांच्या नावानंही तो सापडतो. इथे चरबी तिच्या नेहमीच्या जागी, त्वचेखाली, नसते. ती खुद्द त्वचेच्या जाड थरात, डर्मिसमध्ये असते. साध्या लायपोमाशी याचं नातं जवळजवळ एवढंच की दोन्हींत चरबी आहे.

ओळखायच्या खुणा अशा. पुटकुळ्या काही मिलिमीटरपासून एक-दोन सेंटिमीटरपर्यंत, काही बसक्या, काही देठाच्या. शेजारच्या एकमेकींत मिसळतात तेव्हा पृष्ठभाग अक्रोडाच्या गरासारखा वळ्यावळ्यांचा होतो. काही जागी छिद्रं मोठी होऊन काळे ठिपके दिसतात. पट्टा बहुधा शरीराच्या मध्यरेषेपाशी थांबतो, पलीकडे जात नाही. दुखत नाही. दाबलं की पुटकुळी बोटाखाली दबते आणि सोडली की वर येते. वाढ मंद, वर्षांच्या हिशेबात. त्रास होतो तो जागेमुळे: बसून घासणं, घामानं ओल राहणं, पावसाळ्यात वळ्यांमध्ये बुरशी आणि वास. घासून वरची त्वचा फुटली तर जखम होते, आणि तेव्हाच बहुतेक लोक डॉक्टरकडे येतात. ही गाठ घातक रूप घेत नाही असंच मानलं जातं.

याचाच दुसरा प्रकार एकुलता. साधारण तिशी ते साठीच्या दरम्यान, शरीरावर कुठेही, एकच मऊ घुमटासारखी किंवा देठाची गाठ. इथे मात्र थोडं स्पष्ट बोलावं. चरबी असलेली मोठी चामखीळसदृश गाठ आणि एकुलता नीव्हस लायपोमॅटोसस यांतला फरक सूक्ष्मदर्शकाखालीसुद्धा अनेकदा लावता येत नाही, आणि लावला तरी रुग्णाच्या उपचारात तसूभर बदल होत नाही. त्यावर दुसरं मत घेण्यात पैसे घालवू नयेत. पट्ट्याच्या प्रकाराबाबत मात्र नाव महत्त्वाचं, कारण तिथे न्यूरोफायब्रोमा (नसेच्या आवरणाची गाठ), संयोजी ऊतींचा, म्हणजे डर्मिसच्या तंतूंचा, नीव्हस आणि लसिकावाहिन्यांची गाठ हे तिन्ही तसेच दिसू शकतात. त्वचेवर दुधाळ कॉफीच्या रंगाचे सहा किंवा जास्त डाग असतील आणि पुटकुळी दाबल्यावर बटणासारखी आत जात असेल, तर न्यूरोफायब्रोमॅटोसिसचा, म्हणजे अशा अनेक गाठी येणाऱ्या आनुवंशिक विकाराचा, विचार आधी करायचा. एखाददुसरा कॉफी डाग नीव्हस लायपोमॅटोससमध्येही दिसतो, तेवढ्यावरून घाबरू नये.

मानेमागे, पाठीच्या वरच्या भागात, खांद्यावर. पंचेचाळीस ते पासष्टचा पुरुष. एकच, हळू वाढणारी, साध्या लायपोमापेक्षा घट्ट गाठ. स्पिंडल सेल लायपोमाची शक्यता. एन्झिंगर आणि हार्वी यांनी १९७५ मध्ये ती वेगळी ओळखली. तिचंच दुसरं टोक प्लीओमॉर्फिक लायपोमा. जागा तीच, वय तेच, पण पेशी इतक्या विचित्र दिसतात की जागा न सांगता स्लाइड पाठवली तर पॅथॉलॉजिस्टला कॅन्सरची शंका येते. जागा आणि वय फॉर्मवर लिहायलाच हवं, ते यासाठी.

कोपरापासून मनगटापर्यंत, क्वचित पोटावर, विशी-तिशी. एकाहून जास्त, २ सेंटिमीटरहून लहान, दाबल्यावर दुखणाऱ्या गाठी. अँजिओलायपोमा. चरबीत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. रुग्ण "टेबलाला हात लागला तरी कळ येते" असं सांगतात. एचआयव्हीवरच्या प्रोटीएज इन्हिबिटर गटातल्या औषधांनंतर अशा गाठी आल्याची नोंद आहे. दुखणारी छोटी गाठ ग्लोमस गाठ (बारीक रक्तवाहिन्यांची), लायोमायोमा (स्नायूतंतूंची) किंवा नसेची गाठसुद्धा असू शकते. नखाखाली असेल आणि थंडीत दुखत असेल तर ग्लोमस आधी.

तीन वर्षांखालचं मूल, हात-पाय किंवा धडावर वेगानं वाढणारी मऊ गाठ. लायपोब्लास्टोमा. ही अपरिपक्व चरबीची, पण कॅन्सर नसलेली गाठ. आवरणात बंद असते तेव्हा पूर्ण काढली की काम संपतं. पसरलेली असेल तर परत येऊ शकते. मुलांच्या शल्यचिकित्सकाकडेच जावं.

तान्ह्या बाळाच्या कंबरेच्या मध्यरेषेवर मऊ फुगवटा. इथे थांबा. सोबत केसांचा झुबका, लाल चट्टा, खळगा किंवा कुल्ल्यांमधली फट तिरकी गेलेली असेल तर आणखीच. ही चरबी मणक्याच्या फटीतून आत मज्जारज्जूपर्यंत पोचलेली असू शकते. इमेजिंगशिवाय तिला सुईही लावायची नाही. पहिल्या तीन-चार महिन्यांत मणक्यांच्या मागच्या कमानी पुरत्या टणक झालेल्या नसतात, म्हणून सोनोग्राफीत मज्जारज्जू दिसतो, त्यानंतर एमआरआयच. बाळ सतत थेंबथेंब लघवी करतं का, दोन्ही पाय सारखे हलवतं का, हे पालकांनी नीट पाहून सांगावं.

मांडी, खांदा, पाठ, तिशी-चाळिशी, मोठी, थोडी कोमट गाठ. हायबरनोमा, म्हणजे तपकिरी चरबीची गाठ. त्वचेत क्वचितच, बहुतेकदा खोल. रक्तपुरवठा भरपूर असतो, म्हणून सुईनं रक्त येतं. पेट स्कॅनमध्ये (पेशी साखर कुठे जास्त वापरतात ते दाखवणाऱ्या तपासणीत) ही गाठ झगमगते, आणि दुसऱ्या एखाद्या कॅन्सरसाठी पेट केलेल्या रुग्णाला "पसरला" असा धक्का विनाकारण बसतो. तिथे बायोप्सीशिवाय निष्कर्ष काढू नये.

अनेक गाठी असतील तर हिशेब वेगळा. घरात बऱ्याच जणांच्या हातांवर, धडावर, मांड्यांवर डझनांनी गाठी असतील आणि मान-खांदे मोकळे असतील तर आनुवंशिक बहु-लायपोमॅटोसिस. उलट मान, खांदे, दंड दोन्ही बाजूंनी सारखे फुगलेले, चरबीला आवरण नाही, रुग्ण बहुधा अनेक वर्षं दारू पिणारा पुरुष: हा माडेलुंगचा आजार. ओटो माडेलुंग यांनी १८८८ मध्ये अशा रुग्णांची मालिका मांडली. यात यकृत आणि नसांची तपासणी करायची, आणि श्वास-गिळण्याला अडथळा होतो का ते विचारायचं. मध्यमवयीन, बहुधा स्थूल स्त्रीला तीन महिन्यांहून जास्त काळ दुखणाऱ्या चरबीच्या गाठी असतील तर १८९२ साली डर्कम यांनी वर्णन केलेला आजार मनात आणायचा. अनेक गाठींसोबत मूतखडा किंवा पोटात वारंवार अल्सर असेल तर रक्तातलं कॅल्शियम तपासावं, कारण एमईएन-१ या आनुवंशिक विकारात लायपोमा येतात. तपासणी स्वस्त आहे आणि सहसा कुणी सांगत नाही. घरात कमी वयात मोठ्या आतड्याचा कॅन्सर झालेला असेल तर तेही सांगा.

पायरी ३: चरबीची गाठ नसून तशी भासणारी

आपल्याकडे तीन नकला वारंवार भेटतात. पहिली टीबीची थंड गाठ: मऊ, न तापलेली, आत पू. मानेवर, पाठीवर, छातीच्या कडेवर. लायपोमा समजून कापली तर जखम महिनोन्महिने वाहते. सोनोग्राफीत आत द्रव दिसला की पू निरोगी त्वचेतून, गाठीच्या वरच्या बाजूनं सुईनं काढून सीबीनॅट या टीबीचे जंतू शोधणाऱ्या तपासणीला पाठवायचा. सगळ्यांत लोंबत्या जागी सुई घातली तर तिथूनच वाहायला लागतं.

दुसरी इन्सुलिनची. रोज बेंबीच्या शेजारी त्याच दोन बोटांच्या जागी टोचल्यानं तिथली चरबी जाड होते, रबरासारखी लागते. ती गाठ नव्हे. काढायची नाही, जागा बदलायची. साखर वरखाली होण्याचं कारणही अनेकदा हेच, कारण त्या जाड चरबीतून इन्सुलिन एकसारखं शोषलं जात नाही. जागा बदलल्यावर डोस कमी लागू शकतो, म्हणून बदल डॉक्टरांना सांगूनच करावा, नाहीतर साखर एकदम उतरते.

तिसरी सिस्टिसर्कोसिस: फितकृमीच्या अळीची, वाटाण्यासारखी कडक, हलणारी छोटी गाठ. सोनोग्राफीत आत ठिपका असलेली बारीक पिशवी दिसते. फेफरं किंवा डोकेदुखी असेल तर मेंदूचं इमेजिंग करावं लागतं.

पायरी ४: सोनोग्राफी कशी मागायची

पट्ट्याच्या नीव्हसला सोनोग्राफीची गरज बहुधा नसते, तिथे डोळे आणि बायोप्सी पुरेशी. त्वचेखालच्या गाठीला मात्र ही पहिली तपासणी. मागणीवर "गाठीची सोनोग्राफी" एवढंच न लिहिता "हाय-फ्रिक्वेन्सी लिनियर प्रोब, डॉपलरसह" असं लिहावं (प्रोब म्हणजे त्वचेवर फिरवायचं यंत्र, डॉपलर म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोय). पोटासाठी वापरला जाणारा वक्र प्रोब त्वचेलगतचं धड दाखवत नाही. ठळक गाठीवर जेल भरपूर घालून प्रोब न दाबता धरायचा. दाबला की गाठ चपटी होते आणि बारीक रक्तप्रवाह दिसेनासा होतो.

रिपोर्टमध्ये पाच गोष्टी हव्यात: तीन मापं, कोणत्या थरात, कड स्पष्ट आहे का, आतली रचना, रक्तप्रवाह. साधी लायपोमा त्वचेला समांतर लांबट, आत बारीक पांढऱ्या रेघा, रक्तप्रवाह नगण्य. अँजिओलायपोमा जास्त पांढरी दिसते. प्रवाह थोडा दिसेल किंवा अजिबात दिसणार नाही, तेव्हा प्रवाह नाही म्हणून ती बाद होत नाही. स्पिंडल सेल गाठीत घन भाग जास्त असतो. कोणत्या थरात आहे हे लिहिलेलंच नसेल तर रिपोर्ट परत पाठवून विचारायला संकोच करू नये.

एमआरआय कधी? ५ सेंटिमीटरवर, खोल, किंवा सोनोग्राफी संशयास्पद असेल तेव्हा. चरबीचा उजळपणा दाबून घेतलेल्या चित्रांत (फॅट सप्रेशन सिक्वेन्स) गाठ त्वचेखालच्या चरबीइतकीच काळी पडली तर दिलासा. २ मिलिमीटरहून जाड पडदे, चरबी नसलेले गोळे, काँट्रास्ट (शिरेतून दिलेलं औषध) शोषणारे भाग दिसले की तुकडा घेतल्याशिवाय पुढे जायचं नाही. गंमत अशी की स्पिंडल सेल लायपोमा आणि हायबरनोमा या निरुपद्रवी गाठी एमआरआयमध्ये नेमक्या अशाच संशयास्पद दिसतात.

पायरी ५: सुई, तुकडा की अख्खी गाठ?

सुईची तपासणी, एफएनएसी, स्वस्त आणि झटपट. तिची मर्यादा मात्र ठाऊक हवी. स्लाइडवर तेलाचे चकचकीत थेंब पसरतात आणि वाळतच नाहीत. अल्कोहोलमध्ये बुडवल्यावर तेल निघून जातं, पेशींचे थोडे पुंजके राहतात. ते पुंजके साध्या चरबीचे असतात, आणि सुई गाठीत न जाता शेजारच्या चरबीत गेली असती तरी हेच दिसलं असतं. म्हणून "पिकलेल्या चरबीपेशी, लायपोमाशी सुसंगत" हा रिपोर्ट हाताच्या आणि सोनोग्राफीच्या निष्कर्षाशी जुळत असेल तरच ग्राह्य. पट्ट्याच्या नीव्हसमध्ये एफएनएसी निरुपयोगी, कारण प्रश्न चरबी आहे का हा नसून ती कोणत्या थरात आहे हा असतो, आणि थर सुईतून कळत नाही.

नीव्हससाठी एक अख्खी पुटकुळी बुंध्याच्या त्वचेसह, पातळ लंबगोल छेदानं काढावी. पंच (त्वचेचा गोल तुकडा कापणारं हत्यार) वापरायचा तर ४ मिलिमीटर किंवा मोठा, आणि खाली चरबी दिसेपर्यंत. इथली नेहमीची चूक म्हणजे तुकडा चिमट्यानं उचलणं. त्वचा वर येते, खालची चरबी जखमेतच राहते, आणि रिपोर्ट येतो "डर्मिसमध्ये विशेष नाही". सुईच्या टोकानं हलकेच उचलून बुडाशी कात्रीनं कापावं. नुसता वरचा काप घेतला तर डर्मिसच्या खालच्या भागातली चरबी आणि त्वचेखालची चरबी जोडलेली आहेत का, हे कळतच नाही.

मोठ्या किंवा खोल गाठीला सोनोग्राफीखाली जाड सुईनं, म्हणजे कोअर बायोप्सीनं तुकडे घ्यावेत. घन दिसणाऱ्या भागातून घ्यावेत, मऊ चरबीतून नव्हे. लहान, वरवरची, सरळ दिसणारी गाठ अख्खी काढून पाठवावी. काढलेली गाठ "साधीच दिसते" म्हणून न पाठवता टाकून देणं ही बचत नव्हे.

बाटली. १० टक्के फॉर्मॅलिन हवं, म्हणजे बाजारच्या तीव्र फॉर्मॅलिनचा एक भाग आणि नऊ भाग पाणी; बफर केलेलं मिळालं तर उत्तम. तुकड्याच्या किमान दहापट. बाटली रुंद तोंडाची, कारण तुकडा कडक झाल्यावर अरुंद तोंडातून निघत नाही आणि ओढताना फाटतो. सलाइन किंवा स्पिरिट नको. चरबी फॉर्मॅलिनवर तरंगते; वर राहिलेला भाग सुकतो आणि कुजतो. फॉर्मॅलिनमध्ये भिजवलेला गॉजचा तुकडा वरून ठेवला की ती बुडालेली राहते. फॉर्मॅलिन आत झिरपायला वेळ लागतो, तासाला जेमतेम एक मिलिमीटर. मोठी गाठ न कापता टाकली तर मधला भाग कच्चा राहतो. घरच्या फ्रिजमध्ये ठेवायची गरज नाही. बाटलीवर, झाकणावर नव्हे, नाव, वय, जागा, तारीख. झाकणं लॅबमध्ये बदलली जातात.

पायरी ६: फॉर्म

सगळ्या तपासण्यांत सर्वांत स्वस्त हीच, आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित. "गाठ, बायोप्सी" असं दोन शब्दांत लिहिलेल्या फॉर्मवर चांगला पॅथॉलॉजिस्टही अडतो. नमुना असा:

"वय २४, पुरुष. डाव्या कुल्ल्यावर मऊ, पिवळसर पुटकुळ्यांचा पट्टा, ९ × ४ सेंमी, लहानपणापासून. मध्यरेषा ओलांडत नाही. दुखत नाही. कॉफी डाग नाहीत. आधी शस्त्रक्रिया नाही. नमुना: एक पुटकुळी, बुंध्याच्या त्वचेसह. शंका: नीव्हस लायपोमॅटोसस, इतर शक्यता न्यूरोफायब्रोमा, संयोजी ऊतींचा नीव्हस. डर्मिसमधली चरबी आणि तिचा खालच्या चरबीशी संबंध कळवावा."

रुग्णानं हा फॉर्म भरायचा नसतो, पण सही करण्याआधी "गाठीची जागा आणि कधीपासून आहे ते लिहिलंय ना?" असं विचारता येतं.

पायरी ७: रिपोर्ट वाचताना

नेहमीच्या प्रक्रियेत चरबी विरघळून जाते, म्हणून स्लाइडवर चरबीपेशी रिकाम्या वर्तुळांसारख्या दिसतात. नीव्हसमध्ये ही वर्तुळं डर्मिसच्या तंतूंमध्ये, बहुधा बारीक रक्तवाहिन्यांभोवती पुंजक्यांनी असतात, आणि डर्मिसचा साधारण १० ते ५० टक्के भाग व्यापतात. मात्र जुन्या तिळातही चरबी शिरलेली असते, आणि गोल्ट्झ सिंड्रोममध्ये डर्मिस इतका पातळ झालेला असतो की चरबी थेट वर येते. गोल्ट्झ बहुतेक मुलींमध्ये, रेषांसारखे खोलगट पट्टे आणि सोबत बोटं, दात, डोळे यांचे दोष. त्वचा पाहिली तर गोंधळ होत नाही.

अँजिओलायपोमात बारीक रक्तवाहिन्यांत फायब्रिनच्या गुठळ्या दिसणं ही पक्की खूण. स्पिंडल सेल लायपोमात चरबीसोबत लांबट पेशी आणि दोरखंडासारखे जाड कोलॅजन तंतू. प्लीओमॉर्फिकमध्ये फुलासारखी केंद्रकं मांडलेल्या मोठ्या पेशी. दोन्हींत सीडी-३४ ही पेशींवरची खूण पॉझिटिव्ह, आणि आरबी-१ हे प्रथिन हरवलेलं.

सीडी-३४ वर एकट्यावर विसंबणं हा इथला सर्वांत महागडा सापळा. डर्मॅटोफायब्रोसार्कोमा प्रोट्युबेरन्स हा त्वचेचा सार्कोमासुद्धा सीडी-३४ पॉझिटिव्ह असतो आणि चरबीत मधमाशांच्या पोळ्यासारखा शिरतो. छोट्या तुकड्यात "लांबट पेशी, चरबी, सीडी-३४ पॉझिटिव्ह" एवढंच दिसलं तर दोन्ही शक्य. कड स्पष्ट आहे की पेशी शेजारी घुसल्या आहेत, आरबी-१ टिकलं आहे की गेलं आहे, यावर फरक ठरतो, आणि त्यासाठी तुकडा मोठा आणि कडेसकट हवा.

एमडीएम-२ या जनुकाच्या प्रती वाढल्या आहेत का हे पाहणारी फिश तपासणी प्रत्येक चरबीच्या गाठीला लागत नाही आणि स्वस्तही नाही. मोठी खोल गाठ, परत आलेली गाठ, किंवा केंद्रकं विचित्र दिसत असतील तर ती मागावी. वाढलेलं एमडीएम-२ म्हणजे ॲटिपिकल लायपोमॅटस ट्यूमर (चरबीच्या सार्कोमाचा कमी तीव्र प्रकार), साधी लायपोमा नव्हे. ती निगेटिव्ह आली म्हणून प्रश्न संपतोच असंही नाही: जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या वर्गीकरणात ॲटिपिकल स्पिंडल सेल/प्लीओमॉर्फिक गाठ हा स्वतंत्र प्रकार आला, त्यात एमडीएम-२ वाढलेलं नसतं, पण अर्धवट काढली तर ती परत येऊ शकते.

मार लागून मेलेली चरबीही घाबरवते. तिथल्या फेसाळ पेशी नवख्या डोळ्यांना लायपोब्लास्ट (चरबीच्या सार्कोमात दिसणाऱ्या अपरिपक्व चरबीपेशी) वाटतात, तसंच सामान्य चरबीपेशीच्या केंद्रकातलं छिद्रही. रिपोर्टमध्ये "लायपोब्लास्ट दिसतात" असं असेल आणि गाठ लहान, वरवरची, मार लागल्या जागी असेल, तर शस्त्रक्रियेची तारीख घेण्याआधी स्लाइड दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवावी.

काढायची की ठेवायची

नीव्हस लायपोमॅटोसस काढणं सक्तीचं नाही. घासत असेल, वास येत असेल, नकोशी वाटत असेल तर काढावी. पट्टा अरुंद असेल तर एकाच छेदात, रुंद असेल तर टप्प्याटप्प्यानं. कुल्ल्यावरच्या टाक्यांवर बसल्यानं ताण येतो, म्हणून सुट्टीचा आणि पावसाचा हिशेब आधी करावा. देठाच्या एकेकट्या पुटकुळ्या बुंध्याशी कापता येतात. पूर्ण काढल्यावर परत येणं क्वचितच. अँजिओलायपोमा काढली की त्या गाठीचं दुखणं थांबतं, पण शेजारी नवी येऊ शकते. माडेलुंगच्या आजारात आवरण नसल्यानं लायपोसक्शन किंवा शस्त्रक्रिया केली तरी चरबी पुन्हा साठते, आणि दारू सोडल्यानं साठलेली चरबी सहसा कमी होत नाही. सोडायची ती यकृतासाठी.

गाठ काढल्यावर रिपोर्टच्या कागदाबरोबर बायोप्सीचा क्रमांक जपून ठेवा. लॅबमध्ये मेणाचा ब्लॉक आणि स्लाइड राखून ठेवलेल्या असतात. दुसरं मत हवं असेल किंवा गाठ परत आली असेल, तर अर्ज करून ब्लॉक मागा. नुसत्या रिपोर्टच्या झेरॉक्सवर दुसरा पॅथॉलॉजिस्ट मत देऊ शकत नाही. ब्लॉक उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण वितळतं. काम झाल्यावर तो मूळ लॅबला परत करा.